मदत हवी आहे: सॉफ्टबॉलच्या मुलींना हायस्कूल स्पर्धेसाठी कसं तयार करू?

मंडळी, माझ्याकडे १३-१४ वर्षांच्या अकरा मुली आहेत. पुढच्या हंगामात त्या हायस्कूलच्या संघनिवडीला उतरतील. बॅटिंग ठीक आहे, पळतातही छान. माझी खरी काळजी पिचिंगची.

आतापर्यंत त्या ४० फुटांवरून चेंडू टाकत होत्या, आता ४३ फुटांवरून टाकायचाय. ऐकायला तीनच फूट, पण चेंडू प्लेटपाशी, म्हणजे बॅटरजवळ, येईपर्यंत खाली बसतो. मग मुली खांद्याने जोर लावतात आणि पायांची ढकल विसरतात. एकीचा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागला, तेव्हा मी तिचं पिचिंग लगेच थांबवलं. हात खालून फिरतो म्हणून विंडमिलने (हात पूर्ण गोल फिरवून केलेल्या पिचिंगने) खांद्याला त्रास होत नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

अंतर एकदम वाढवावं की दर आठवड्याला फूटभर? आठवड्यात किती दिवस पिचिंग आणि किती दिवस विश्रांती ठेवता? चेंज-अप (बॅटरला चकवणारा हळू चेंडू) आत्ताच शिकवू की आधी फास्टबॉलची दिशा पक्की होऊ देऊ?

आणखी एक. पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे, पण सामन्यात घाई होतेच. यासाठी एखादा सराव सुचवाल का?

दोघीतिघींनी तर निवड झाली नाही तर खेळच सोडू, असं आत्ताच म्हणून दाखवलंय. त्यांच्याशी काय बोलावं, हेही अनुभवी प्रशिक्षकांनी आणि पालकांनी जरूर सांगा.