शब्दचर्चा: हिमनग, हिमनदी, हिमचादर… आणि आइस शेल्फला काय म्हणायचं?

भूगोलवेडा
नववीच्या मुलांसाठी अंटार्क्टिकावर टिपण लिहितोय. आइसबर्ग म्हणजे हिमनग, ग्लेशियर म्हणजे हिमनदी, इथवर ठीक. आइस शीट, आइस शेल्फ आणि सी आइस आले की घोडं अडतं. बातम्यांत तिन्हींना सरसकट 'हिमखंड' म्हणून मोकळे होतात. तुम्ही काय वापरता?

वास्कोकर
आधी बर्फ कशावर टेकलाय ते बघा, मग शब्द शोधा. खंडाच्या जमिनीवर साचलेला, सरासरी दोनेक किलोमीटर जाडीचा पसारा ती हिमचादर. (एवढ्या जाड प्रकाराला चादर म्हणणं जिवावर येतं, पण शब्द रुळलाय.) ती स्वतःच्या वजनाने किनाऱ्याकडे सरकते, समुद्रात उतरते आणि तरंगू लागते, तरी मागच्या बर्फाला जोडलेलीच असते. हा तरंगता भाग म्हणजे आइस शेल्फ. त्याचा तुकडा सुटला की झाला हिमनग. जुलै २०१७मध्ये लार्सन-सी शेल्फपासून सुटलेला ए-६८ साधारण ५,८०० चौरस किलोमीटरचा होता, आमच्या गोव्याच्या दीडपट!
सी आइसची जातच निराळी. खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास जागच्या जागी गोठतं. सरळ 'समुद्रबर्फ' म्हणा.

शब्दवेडी
हिमनगाची एक गंमत. 'नग' म्हणजे डोंगर, व्युत्पत्ती 'न गच्छति', जो हलत नाही तो. आणि आपण तो शब्द दिला समुद्रभर भटकणाऱ्या बर्फाला! 'ध्रुव' म्हणजेही अढळ. प्रत्यक्षात दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो, म्हणून तिथली ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्याने रोवावी लागते.

भूगोलवेडा
हे टिपणात घेतोच. शेल्फसाठी 'हिमफळी' कसा वाटतो?

शब्दवेडी
नको. फळी म्हटली की भिंतीतली मांडणी आणि डबे डोळ्यांपुढे येतात. 'तरंगती हिमचादर' लांब आहे, पण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वास्कोकर
'तरंगती'ला माझं अनुमोदन. भारताचं पहिलं अंटार्क्टिक केंद्र, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४मध्ये अशाच तरंगत्या बर्फावर उभारलं होतं. वर हिम साचत गेलं, केंद्र हळूहळू त्याखाली गाडलं जाऊ लागलं आणि १९९०मध्ये ते बंद करावं लागलं. पुढचं 'मैत्री' शिर्माकर ओॲसिस या बर्फ नसलेल्या पट्ट्यातल्या उघड्या खडकावर बांधलं, ते त्यामुळे टिकलं. मुलांना शेल्फ आणि जमीन यांतला फरक सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

चिकित्सक
हा नुसता शब्दांचा कीस नाही हं. 'हिमखंड वितळल्याने समुद्राची पातळी वाढणार' हे वाक्य कुठल्या बर्फाबद्दल आहे त्यावर खरं-खोटं ठरतं. समुद्रबर्फ किंवा हिमनग आधीच तरंगतोय, आपल्या वजनाइतकं पाणी त्याने आधीच बाजूला सारलंय. तो वितळून पातळी जवळजवळ बदलत नाही. ग्रीनलंडची हिमचादर मात्र जमिनीवर आहे. ती सगळी वितळली तर पातळी सात मीटरच्या आसपास चढेल.

भूगोलवेडा
मग शेल्फ तुटलं तर चिंता कसली?

चिकित्सक
मागच्या हिमनद्यांना ते अडसर असतं. २००२मध्ये लार्सन-बी शेल्फ काही आठवड्यांत कोसळलं, त्यानंतर त्यामागच्या हिमनद्या वेगाने समुद्राकडे धावू लागल्या. पातळी वाढते ती या जमिनीवरून नव्याने येणाऱ्या बर्फामुळे. तेव्हा 'हिमखंड' हा शब्द टिपणातून काढूनच टाका, त्यात कशाचाच पत्ता लागत नाही.

भूगोलवेडा
ठरलं: हिमचादर, तरंगती हिमचादर (कंसात आइस शेल्फ), हिमनग, समुद्रबर्फ. ग्लेशियरला 'हिमानी'ही वाचलाय, तो देऊ का?

शब्दवेडी
हिमनदीच ठेवा. वर्गात एखादी हिमानी असतेच, वर्षभर बिचारीला वितळवतील.