समुद्राने परत केलं, ते कुणाचं?

खाडीवाला: परवाच्या भरतीने मरीन ड्राइव्हवर फेकलेल्या कचऱ्याचा व्हिडिओ टाकून इथे एकाने लिहिलं, 'नाल्याकाठच्या झोपड्या हटवा, समुद्र आपोआप साफ होईल.' दोन दिवस गप्प बसलो. आम्ही वर्सोव्याचे कोळी. डोल जाळी उपसली की आधी पिशव्या निवडायच्या, मग बोंबील. ऑनलाइन मागवलेल्या बिर्याणीचे काळे डबे निघतात, ते झोपडीतले का?

माहीमकर_६२: डबे आमचे, मान्य. पण मिठी नदीच्या पुलावर अर्धा तास उभे राहा. वरून पिशवी थेट पाण्यात. तीस वर्षं बघतोय.

खाडीवाला: त्या गल्लीत कचऱ्याची गाडी शिरते का? तुमच्याकडे दारात माणूस येतो, म्हणून तुम्ही स्वच्छ!

मंजिरी: गाडीचं राहू दे, पीओपीच्या गणपतींचं बोला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जुहूला जा. हात तुटलेले बाप्पा वाळूत. बघवत नाही.

सच्चा_भक्त: आलात सणावर! नाल्यांचं सांडपाणी 365 दिवस जातं, ते दिसत नाही.

मंजिरी: ते जातं म्हणून हेही टाकायचं? आमचा शाडूचा, बादलीत विरघळतो, माती तुळशीला.

सच्चा_भक्त: बादलीत!! आजोबा डोक्यावरून चौपाटीला नेत, मी बादलीत बुडवू?

मंजिरी: आजोबांचा शाडूचाच असणार. घरी विचारा.

माहीमकर_६२: खाडीवाले, 2018 ला प्लास्टिकबंदी आली ना? मग बाजारात पापलेट कशात मिळतं? काळ्या पिशवीत.

खाडीवाला: पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातं. आईने महिनाभर करून बघितलं, रोज अर्धी पाटी परत. आणि हो, फाटकी नायलॉनची जाळी आम्हीही पाण्यात सोडलीत. खूश?

माहीमकर_६२: थोडासा.

दर्याप्रेमी: वर्सोव्याचंच बघा ना. 2015 पासून वकील अफरोज शाह आणि लोकांनी किनारा उपसला, 2018 ला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. मनात आणलं तर होतं.

खाडीवाला: मीही उपसलाय, दादा. त्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या भरतीला पुन्हा गुडघाभर कचरा. नाल्याच्या तोंडाशी अडवत नाही तोवर रविवारचे फोटोच काढा.

सच्चा_भक्त: घरी विचारलं. शाडूचाच होता. तरी बादली नाही म्हणजे नाही.

मंजिरी: बरं.

सच्चा_भक्त: नुसतं विचारतोय. दीड फुटाच्या मूर्तीला बादली केवढी लागते?