दोन चौकटींमधली जागा

ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली पुस्तकभर गोष्ट, वाचायला सुरुवात करायची तर आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’पासून करा, असं बरेचदा सुचवलं जातं. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची ही गोष्ट, आणि ते मत बरोबरच आहे. ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं हे रूपक आणि त्याला १९९२ मध्ये मिळालेलं विशेष पुलित्झर पारितोषिक, दोन्ही आता सर्वश्रुत आहे. पण पहिल्याच घासाला इतकं जड कशाला?

मी आधी शॉन टॅनचं ‘द अरायव्हल’ (२००६) हातात देईन. स्थलांतरिताची गोष्ट, पण संवाद एकही नाही. बोटीचा लांबलचक प्रवास दाखवायला टॅनने काय करावं, तर पानं भरून ढगांचे छोटे छोटे चौकोन. बस्स, दिवस सरतात. नव्या शहरातली लिपीही बनावट, त्यामुळे नायकाइतकेच आपणही अडाणी! भराभर पानं उलटाल तर अर्ध्या तासात संपेल, म्हणून सावकाश बघा.

त्यानंतर स्कॉट मॅक्लाउडचं ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३). कॉमिक्सबद्दलचं हे पुस्तक स्वतःच कॉमिक आहे. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि नुसती किंकाळी. घाव कुणी घातला? तर वाचकाने, मधल्या कोऱ्या पट्टीत. हे एकदा कळलं की जुनी कॉमिक्सही पुन्हा काढून वाचावीशी वाटतात.

मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’, इराणमधल्या तिच्या बालपणाची चित्ररूप आठवण, हेही घ्याच, मात्र चित्रपटाआधी पुस्तक.