प्रत्येक दुकानाला वेगळा ईमेल पत्ता: कामाचं की रिकामा उद्योग?

धुऱ्यावरचा
काल इथं एकानं लिहिलं, "स्वतःचा मेल सर्व्हर असला तरी कृषी केंद्राला एक पत्ता, विम्याला दुसरा, हा रिकामा उद्योग आहे. एकच पत्ता ठेवा अन् स्पॅम फिल्टर लावा." भाऊ, फिल्टर नुसता अंदाज बांधतो. बियाण्याच्या दुकानाला दिलेल्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली, तर यादी कुठून फुटली ते तिथंच कळतं. पोस्टफिक्स म्हणजे मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्राम. त्याच्या रेसिपियंट ॲक्सेस टेबलात, म्हणजे कोणत्या पत्त्याचा मेल घ्यायचा-नाकारायचा त्या यादीत, त्या पत्त्यासमोर ५५० (कायमचा नकार) लिहा, पोस्टमॅप ही आज्ञा चालवून यादी लागू करा, पत्ता बंद. 'डिस्कार्ड' लिहू नका. मेल गुपचूप गायब होतो अन् पाठवणाऱ्याला पोचला असं वाटतं.

पऱ्हाटी
ते मीच लिहिलं होतं, अन् अजूनही तेच म्हणतो. तुम्ही लोक कॅच-ऑल लावता, म्हणजे डोमेनवरच्या कोणत्याही पत्त्याचा मेल एकाच पेटीत. मग डोमेनवर कोणत्याही नावानं ठोकलेला कचरा आत. ॲलियासची (पर्यायी पत्त्याची) ओळ खोडली तरी पत्ता मरत नाही, कारण मेल कॅच-ऑलमध्ये जाऊन पडतो. ही कसली सुरक्षा?

धुऱ्यावरचा
कॅच-ऑल लावा असं मी कुठं म्हटलं? दर पत्त्याला व्हर्च्युअल ॲलियासमध्ये एक ओळ. दुकानाचं नाव, डॅश, पुढं चार आकडे-अक्षरं. नुसतं दुकानाचं नाव ठेवलं तर पत्ता कोणीही ताडतो.

तूरडाळ
एवढं कशाला? आपल्या मूळ नावापुढं प्लस चिन्ह अन् दुकानाचं नाव जोडा, मेल मूळ पेटीतच येतो, यादी ठेवायचीच गरज नाही.

धुऱ्यावरचा
प्लसच्या पुढचं खोडलं की मूळ पत्ता हातात येतो, हे स्पॅमवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. अन् कितीतरी फॉर्म प्लस घेतच नाहीत.

सेतूवाला
माझ्या टेबलावरची अडचण वेगळी आहे. कास्तकार पत्ता तोंडी सांगतो, मी टाइप करतो. शून्य की ओ, एक की एल, यातच घोळ होतो. शून्य, ओ, एक अन् एल वगळूनच पत्ता बनवा अन् चिठ्ठीवर लिहून आणा. चुकीचा पत्ता गेला की पावती परत येते, अन् हेलपाटा त्या माणसालाच पडतो.

लाईनमन
पण हा सर्व्हर ठेवसान कुठं? पावसाळ्यात डीपी जळली की दोन-दोन दिस लाईन नाई आमच्या गावात.

धुऱ्यावरचा
मेल हरवत नाही. पाठवणाऱ्याकडं पोस्टफिक्स असला तर तो मुळातच ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, बाकीचे सर्व्हरही थांबतात. ओटीपी मात्र उशिरा येऊन मेलेला असतो.

लाईनमन
मंग ७ एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची बॅटरी लावा. ८४ वॉट-तास, त्यातले अर्धेच वापरा, नाई तं बॅटरी लवकर खराब होते. सर्व्हरचा छोटा बोर्ड ५ वॉट, मोडेम १० वॉट धरला तं तीन तासही पुरत नाई. दोन दिस काय चालवसान?

पऱ्हाटी
बॅटरी राहू द्या, कनेक्शन सीजीनॅटमागं असलं, म्हणजे कंपनीनं एकच आयपी पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटला असला, तर बाहेरून मेल आतच येणार नाही. मेलसाठीचा पंचवीस नंबरचा पोर्टही बऱ्याचदा बंद, अन् आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी उलट नोंद म्हणजे पीटीआर तुमच्या हातात नाही. मग पाठवलेला मेल कोण घेणार? भाड्याचा व्हीपीएस (कंपनीकडं चालणारा आभासी सर्व्हर) घ्या, घरचा हट्ट सोडा.

तूरडाळ
व्हीपीएसला नुसतं बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असला तर मेल घेऊन ठेवणारा) ठेवा, मुख्य सर्व्हर घरी.

धुऱ्यावरचा
इथंच सगळे फसतात! बॅकअपवर रिले रेसिपियंट मॅप (चालू पत्त्यांची यादी) नसला तर बंद केलेल्या पत्त्याचाही मेल तो घेतो. मागून घरचा सर्व्हर नाकारतो, अन् बॅकअप तो परत पाठवतो, तोही स्पॅमवाल्यानं पाठवणारा म्हणून ज्याचा पत्ता खोटाच लिहिला त्याला. ज्याचा काही संबंध नाही त्याच्या डोक्यावर बाउन्सचा (परत आलेल्या मेलचा) ढीग. स्पॅमवाले मुद्दाम बॅकअपवरच येतात. चालू पत्त्यांची यादी दोन्हीकडं सारखी हवी.

पऱ्हाटी
हे बरोबर आहे, मानतो. तरी बँकेला अन् डिजिलॉकरला असले पत्ते देऊ नका. डोमेनचं नूतनीकरण चुकलं अन् दुसऱ्यानं ते घेतलं, तर पासवर्ड बदलायचा मेल त्याच्या हातात.

धुऱ्यावरचा
बँकेला कायमचाच पत्ता द्यावा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं बोलणं दुकानांपुरतं आहे. डोमेन मात्र एकदमच पाच वर्षांसाठी भरून टाका.

सेतूवाला
अन् पोस्टमास्टर हा डोमेनवरचा ठरलेला पत्ता कधी बंद करू नका. मेल अडला की समोरचा सर्व्हरवाला तिथंच कळवतो.