एसी दुसऱ्या खोलीत हलवायला किती खर्च येतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला घर आहे, दीड टनाचा स्प्लिट एसी हॉलमधून आईच्या खोलीत न्यायचाय. आउटडोअर आत्ता समुद्राच्या तोंडावर आहे आणि खाऱ्या वाऱ्याने त्याच्या कॉइलच्या पत्र्या झडायला लागल्यात, म्हणून तोही मागे पडवीच्या आडोशाला घेऊ म्हणतोय. मेकॅनिकने सगळं मिळून ७,५०० सांगितले, त्यात २,५०० नुसते गॅस भरायचे!! अहो पण एसी चालू आहे, कूलिंग झकास आहे, मग पंप डाऊन करून आहे तो गॅस आउटडोअरमध्येच धरून ठेवता येतो ना? गॅस आर ३२ प्रकारचा आहे. पाइप लांबल्यामुळे थोडा टॉप-अप लागला तर समजू शकतो, पण पूर्ण गॅस कशाला?

शिवाय भिंतीला भोक पाडायचे पैसे वेगळे, चिऱ्याची भिंत आहे हो, काँक्रीट नाही.

तांब्याच्या पाइपचा फुटाला काय रेट चाललाय तिकडे? जोडल्यावर व्हॅक्युम मारणं, म्हणजे पाइपमधली हवा पंपाने काढणं, त्याच पैशात धरतात का? चिपळूण, मालवणकडच्यांनीही सांगा. गणपतीत चाकरमानी यायच्या आत उरकायचंय.