मदत हवी आहे: रोधकता कमी म्हणजे पाणी, की नुसतीच चिकणमाती?

नमस्कार. पुरंदर तालुक्यातील आमच्या शेतात बोअर घेण्यापूर्वी विद्युत रोधकतेची (जमीन विजेला किती अडवते याची) चाचणी करून घेतली. जमिनीत चार सळया रोवून, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडून आणि आतल्या दोन सळयांमधील विभवांतर मोजून तयार केलेल्या अहवालात १८ ते २५ मीटर खोलीवर १२ ओहम-मीटर रोधकतेचा थर दाखवला आहे. एवढी कमी रोधकता म्हणजे पाणी नक्की, असे चाचणी करणाऱ्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही.

वीज वाहण्याचा ओहमचा १८२७चा आणि सच्छिद्र थरातून पाणी वाहण्याचा दार्सीचा १८५६चा, हे दोन्ही नियम मांडणीने सारखेच असल्यामुळे वीज जाते तेथून पाणीही जाईल असे वाटते खरे. पण चिकणमातीत कणांच्या ऋणभारित पृष्ठभागालगत जमलेले आयन वीज वाहून नेतात, आणि छिद्रे मात्र इतकी सूक्ष्म असतात की ओल भरपूर असूनही पाणी जागचे हलत नाही. सच्छिद्रता तेवढीच राहून छिद्रांचा व्यास एक दशांश झाला, तर पार्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता) सुमारे एक शतांश होते.

शंकेचे खरे कारण पुढे आहे. शेजारच्या विहिरीच्या पाण्याची वाहकता ८०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरली, म्हणजे त्या पाण्याची स्वतःचीच रोधकता साडेबारा ओहम-मीटर झाली. वीज केवळ छिद्रांतल्या पाण्यातून जात असेल, तर २० टक्के सच्छिद्रतेच्या खडकाची रोधकता, आर्चीच्या नियमातील (सच्छिद्रता आणि छिद्रांतले पाणी यांवरून खडकाची रोधकता काढण्याच्या सूत्रातील) घातांक २ धरून, याच्या २५ पट, म्हणजे ३१२ ओहम-मीटरच्या आसपास यायला हवी. येथे तर संपूर्ण थराचीच रोधकता निव्वळ पाण्याहून किंचित कमी आहे! त्याच विहिरीच्या कडेला, जवळपास त्याच खोलीवर, दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो.

आर्चीचा नियम मुळात स्वच्छ वाळूच्या खडकांसाठी मांडलेला आहे. तो आपल्याकडील भेगाळ पाषाणाला आणि मांजऱ्याला (वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेल्या पाषाणाला) लावणे कितपत योग्य, हे जाणकारांनी कृपया सांगावे. प्रेरित ध्रुवीकरणाची (वीज बंद केल्यावर जमिनीत काही क्षण उरणारे विभवांतर मोजण्याची) चाचणी केल्यास चिकणमाती आणि पाणी यांतील फरक खात्रीने कळेल का? तांबडा थर भिजल्यावर बोअरमध्ये ढासळतो, म्हणून केसिंग २५ मीटरच्या खाली पाषाणात टेकेपर्यंत घालावे, की त्या थरातून थोडे तरी पाणी मिळेल या आशेने तेथे जाळीचा पाइप ठेवावा? बोअरची गाडी पुढच्या आठवड्यात येणार आहे, त्यामुळे असा थर प्रत्यक्ष खोदलेल्यांचे अनुभव त्याआधी कळले तर फार मदत होईल.