मदत हवी आहे : जांघेचं ऑपरेशन लगेच करावं का?

कृष्णाई
नमस्कार, घाईत लिहितेय. मिस्टरांना दोन्ही जांघांचं ऑपरेशन सांगितलंय. गाठ कुठेच लागत नाही, डॉक्टर स्वतः म्हणाले हाताला काही नाही. मग कापायचं कशाला? सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. दीर म्हणतात थांबून बघू, सासूबाई म्हणतात पुरे झाली चिरफाड. कुणी केलं असेल तर सांगा.

भीमाकाठ
ताई, हर्निया आहे का? मग अजिबात घाबरू नका. माझं दोन्ही बाजूंचं दुर्बिणीने झालं, जाळी बसवली. फक्त वजन उचलू देऊ नका आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

कृष्णाई
हर्निया नाही हो. कॅन्सर आहे, लघवीच्या जागेचा. मागच्या महिन्यात तेवढा भाग काढला. आता परत जांघ म्हणतात.

निरगुडी
म्हणजे लिंगाचा कॅन्सर. मी जनरल सर्जन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण हे आधी सांगायला हवं होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला का? त्यात पीटी-च्या (आजार किती खोल गेला) पुढे कोणता आकडा आहे, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात) किती, आणि एलव्हीआय (बारीक नळ्यांत पेशी शिरल्यात का) असं काही लिहिलंय का ते बघा. वय, शुगर, बिडी-तंबाखू हेही लिहा.

सदाफुली
ताई, माझं स्पष्ट मत आहे. चाकू लागला की हा आजार भडकतो. आमच्या शेजारच्या काकांचा तुकडा तपासायला काढला आणि वर्षभरात गेले. आमच्याकडे एक वैद्य आहेत, काढा आणि लेप देतात. व्यनि (खासगी निरोप) करा, पत्ता देते.

रानवारा
सदाफुली, कृपा करून असलं लिहू नका. तुकड्याच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. ते काका गेले कारण तुकडा काढायला जाईपर्यंत उशीर झाला असणार. हा आजार आधीच लाजेपायी लपवला जातो. माणूस महिनोन्‌महिने जखमेला मलम लावत बसतो, बायकोलाही दाखवत नाही. मीही तेच केलं होतं.
कृष्णाईताई, माझा हाच आजार होता आणि दोन्ही जांघांतल्या ग्रंथी काढून झाल्यात. पण मी म्हणेन, आधी सेंटिनेल नोडची तपासणी होते का ते विचारा. किरणोत्सारी औषध टोचून, आजार जिथे आधी पोचेल ती जांघेतली पहिली ग्रंथी शोधतात, तेवढीच काढून बघतात. त्यात काही नसेल तर मोठं ऑपरेशन टळतं. मला कुणी सांगितलं नाही. पूर्ण काढल्यावर टाक्यांची कातडी काळी पडली, पाणी साठायचं, आणि पाय अजून सुजतो. घट्ट मोजे घालूनच फिरतो.

माळरान
रानवारा, तुमचा त्रास खरा, पण ताईंना लांबणीवर टाकायचं निमित्त देऊ नका. माझ्या मोठ्या भावाला "गाठ नाही, दर महिन्याला दाखवा" म्हटलं. घरात शेतीची कामं, तो एकदा गेला, मग गेलाच नाही. जांघेत लिंबाएवढी गाठ आली तेव्हा उठला. मग आधी तीन औषधांची केमो, पॅक्लिटॅक्सेल, आयफॉस्फामाइड, सिस्प्लॅटिन, मग ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन). गाठ नसताना केलं असतं तर एवढं सोसावं लागलं नसतं. ताई, करून टाका.

रानवारा
मी थांबा म्हणत नाही. तपासून करा म्हणतोय.

पारिजात_पुणे
मूळ कारण कुणी बोलत नाही. लहानपणी सुंता केली तर हा कॅन्सर जवळजवळ होतच नाही. आपल्याकडे धर्माच्या नावाखाली हे टाळतात.

भीमाकाठ
धर्म कशाला मध्ये आणता? रोज चामडी मागे घेऊन पाण्याने धुतलं की झालं. आमच्या आजोबांच्या पिढीला कोण डॉक्टर होता?

निरगुडी
दोघांचंही अर्धंच खरं आहे. चामडी मागे जाते त्याने स्वच्छता ठेवली तर फारसा फरक राहत नाही. जात नसेल तर धुणार कसं? आत मळ साचतो, सूज येते, मधुमेह्यांना तर वारंवार. अशांनी वेळीच छोटं ऑपरेशन करून घ्यावं. शिवाय तंबाखू आहे, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांत एचपीव्ही विषाणू सापडतो.

गोकर्ण
एचपीव्हीची लस मुलग्यांनाही देतात का? माझ्या मुलाला अकरावं चालू आहे. वेगळा धागा काढू का?

कृष्णाई
ताई-दादांनो, ते नंतर बोला. रिपोर्ट सापडला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, पीटी२, ग्रेड २, एलव्हीआय प्रेझेंट, कडा मोकळ्या. वय ५४. शुगर आहे, गोळ्या घेतात. बिडी होती, आता बंद म्हणतात. चामडी लग्नाआधीपासूनच मागे जात नव्हती, ते मला आत्ता दवाखान्यात कळलं. आता सांगा, हो की नाही.

निरगुडी
हो-नाही तुमचे डॉक्टर सांगतील, पण ते असं का म्हणतात ते लिहितो. स्क्वॅमस सेल म्हणजे वरच्या कातडीच्या पेशींचा कॅन्सर. पीटी२ म्हणजे आजार कातडीखालच्या थराच्याही पुढे, लिंगातल्या स्पंजासारख्या भागात शिरलेला आहे. एलव्हीआय म्हणजे बारीक नळ्यांमध्ये पेशी दिसल्या. कडा मोकळ्या, म्हणजे मूळ जागेचं काम नीट झालंय. पण हा कॅन्सर पुढे सरकतो तो आधी जांघेतल्या ग्रंथींत. हाताला गाठ न लागणाऱ्यांपैकीही चार-पाच जणांत एकाच्या ग्रंथींत पेशी लपलेल्या असतात, आणि तुमच्यासारखा रिपोर्ट असेल तर शक्यता वाढते. एवढ्या बारीक पेशी सीटी किंवा पेट स्कॅनमध्ये दिसतीलच असं नाही. गाठ येण्याची वाट पाहून केलेल्यांपेक्षा आधी केलेले जास्त जगतात. म्हणून पहिल्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत करावं.
रानवारांचं सेंटिनेलही बरोबर आहे, पण त्याला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आणि हात बसलेली टीम लागते. सगळीकडे नाही. नसेल तर मर्यादित कापाचं ऑपरेशन होतं, पायाची मोठी शीर वाचवतात, वरच्या ग्रंथी टेबलावरच तपासून मग खोल जायचं का ते ठरवतात. सोमवारी हेच विचारा. सोनोग्राफी करून जांघ बघितली का, हेही. तुम्ही कुठल्या जिल्ह्यात?

कृष्णाई
लातूर. आमच्या डॉक्टरांनी एवढं समजावलं नव्हतं. मला वाटलं बिलासाठी सांगतात. म्हणजे सेंटिनेलसाठी मुंबईच का?

माळरान
परळचं टाटा. जायच्या आधी घरबसल्या कागद बघून मत हवं असेल तर टाटाच्या सहकार्याने चालणारी 'नव्या' (Navya) नावाची ऑनलाइन सोय आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला जवळ, तिथेही एकदा दाखवा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसी मोफत, सोबतच्याला ७५ टक्के सूट, दाखला लागतो. महात्मा फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड बरोबर ठेवा.

पिंपळपार
पुरुषांनी पन्नाशीनंतर पीएसए करून घ्यावी, रक्ताची साधी तपासणी आहे. माझ्या सासऱ्यांचा प्रोस्टेट वेळेत कळला.

माळरान
पिंपळपार, तो वेगळा अवयव, वेगळा आजार. इथे गोंधळ नको.

कृष्णाई
दिरांना निरगुडींचं सगळं वाचून दाखवलं. तेही आता करू म्हणतात. एक राहिलं. काल उपाशीपोटी साखर २४० आली. सासूबाई म्हणतात देवानेच नको म्हटलंय. मिस्टर तर बोलतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. त्यांना कसं सांगू?

निरगुडी
साखर औषधाने खाली येते, त्यासाठी ऑपरेशन सोडायचं नसतं. फिजिशियनला उद्याच दाखवा, थोडे दिवस इन्सुलिन देतील. एवढ्या साखरेवर जांघेची जखम भरत नाही, म्हणून आधी ते. बिडी खरंच बंद हवी.

रानवारा
मिस्टरांचा फोन मला जोडून द्या, नंबर व्यनित लिहा. उभं राहून लघवी जमते का, नवरा-बायकोत पुढे काय, हे ते तुम्हाला विचारणार नाहीत आणि डॉक्टरांनाही नाही. मला विचारतील.

कृष्णाई
लिहिला. रात्री जेवणानंतर करा, तेव्हा घरात कुणी नसतं.

माळरान
मुंबईला जाल तेव्हा नुसता कागद नेऊ नका. ज्या लॅबने तपासलं तिथून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात ते) मागून घ्या, तिथे पुन्हा बघतात.

कृष्णाई
लॅबवाला म्हणतो ब्लॉक देत नाही, कागद आहे ना.

निरगुडी
डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घ्या, "दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणि स्लाइड द्याव्यात". सही करून देतात. सोमवारच्या आधी शनिवारीच जा, लॅब अर्धा दिवस असते.